टेकडीवरचे रान : एक पायी अभ्यास

रान पाहायचे तर ताडोबाला नाही तर भीमाशंकरला गेले पाहिजे, अशी आपली एक समजूत असते. त्यासाठी सहल ठरते, वर्गणी निघते, बस सांगितली जाते. आणि वाघ किंवा शेकरू दिसले नाही, तर रान पाहिलेच नाही अशा चेहऱ्याने मंडळी परत येतात. घरापासून वीस मिनिटांच्या चालीवर एक रान आहे आणि ते बाराही महिने उघडे असते, हे मात्र आपल्या गावी नसते. हा लेख अशा एका लहानशा रानाविषयी आहे. पुण्याच्या पश्चिमेकडील वेताळ टेकडी हे त्याचे नाव.

मी वनस्पतिशास्त्राचा किंवा प्राणिशास्त्राचा अभ्यासक नाही. मराठी शिकवणारा आहे. या टेकडीवर चालताना मला जो धडा मिळाला, तो मूलतः शब्दांविषयीचा आहे. म्हणूनच कलाशाखेच्या वार्षिकात तो मांडण्याचे धाडस करीत आहे.

जागेची ओळख

पुणे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर वसले आहे. वेताळ टेकडीचा माथा सुमारे ८०० मीटरांवर असून शहराच्या हद्दीतील तो सर्वांत उंच भाग समजला जातो. एका अंगाला विधी महाविद्यालयाचा रस्ता आणि एरंडवणे, दुसऱ्या अंगाला गोखलेनगर, मागे पाषाण, दक्षिणेला पौड रस्ता. अशी चहूबाजूंनी घरांनी वेढलेली ही टेकडी आहे. वर वेताळाचे देऊळ आणि दगडाची एक जुनी खाण आहे. खाणीत पावसाचे पाणी साठते व त्यावर पाखरांची उन्हाळ्यात बरीच सोय होते.

टेकडीचा खडक काळा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांनी दख्खनचे पठार घडले, त्यातलाच हा एक उंचवटा. खडकावर मुरूम आणि मुरमावर वीतभर माती. वर्षाचा पाऊस सरासरी ७० ते ७५ सेंटिमीटर, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या महाबळेश्वराला साडेपाचशे सेंटिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, हे ध्यानात घेतले म्हणजे इथली झाडे बुटकी, विरळ आणि पानझडी का, हे वेगळे सांगावे लागत नाही. रुंद पानांच्या झाडाला पाण्याचा खर्च फार. पानांच्या सूक्ष्म रंध्रांतून पाणी सतत हवेत जात असते. मिळकत थांबली की शहाणा माणूस खर्च थांबवतो, तशी ही झाडे हिवाळ्याच्या अखेरीस पाने टाकून मोकळी होतात. नवख्या माणसाला ते रान मेलेले वाटते. ते केवळ हात आखडून बसलेले असते.

येथे एका शब्दाचा इतिहास सांगण्याजोगा आहे. ‘जंगल’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर घनदाट, अंधारे, ओलसर अरण्य उभे राहते. परंतु हा शब्द ज्या संस्कृत ‘जांगल’ शब्दावरून आला, त्याचा अर्थ जवळजवळ उलटा होता. आयुर्वेदाच्या ग्रंथांत जांगल देश म्हणजे कमी पाण्याचा, मोकळ्या हवेचा, विरळ व काटेरी झाडांचा मुलूख; दलदलीचा, दाट झाडीचा तो आनूप देश. त्या मूळ अर्थाने पाहिले तर आपली ही खुरटी टेकडी हेच अस्सल जंगल ठरते.

बारा महिन्यांची वाट

अशा रानाचा अभ्यास एका दिवसात होत नाही. तो एकाच वाटेने, पुन्हा पुन्हा जाऊन करावा लागतो. दुर्गा भागवतांनी १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऋतुचक्रा’त आपल्या देशी महिन्यांचा क्रम धरला, तो या कामी अतिशय उपयोगी पडतो; कारण झाडे इंग्रजी महिन्यांपेक्षा चैत्र-वैशाखाशी अधिक इमानाने वागतात, असे निदान मला तरी वाटते.

माघ-फाल्गुनात आरंभ करावा. पाने गळालेली असतात आणि झाडांची अंगकाठी स्पष्ट दिसते. सालईच्या खोडावरून कागदासारखे पापुद्रे सुटलेले असतात. तिचा डिंक धुपासाठी वापरतात. मेडशिंगीच्या वाकड्या शेंगा पाहिल्या की मेंढ्याचे शिंग आठवते आणि नाव कोणी दिले असेल याचा उलगडा होतो. काळ्या कुड्याच्या शेंगा जोडीने लोंबतात आणि त्यांची टोके एकमेकींना चिकटलेली असतात. याच दिवसांत काटेसावर, पांगारा आणि पळस फुलतात, तर गणेराच्या उघड्या फांद्यांवर पिवळीधमक फुले उमलतात. पळस-पांगाऱ्याच्या लाल-केशरी फुलांना वास जवळजवळ नसतो. त्यांचे आमंत्रण डोळ्यांनी अन्न शोधणाऱ्या पक्ष्यांना असते, आणि ते दुरून दिसावे म्हणून पानांचा पडदा आधीच दूर झालेला असतो. मध्य आशियाच्या बाजूने हिवाळ्यात येणाऱ्या गुलाबी-काळ्या मैनांचे थवे या फुलांवर कलकलाट करतात. त्यांना आपल्याकडे भोरड्या म्हणतात आणि दुसरे नाव आहे पळसमैना. पक्षी कोणता, तो केव्हा आणि कुठे पाहावा, एवढी सगळी माहिती त्या एका सामासिक शब्दात साठवलेली आहे.

मग चैत्र. ऊन तापते, माती भाजून निघते, पाऊस अजून दोन महिने दूर. आणि नेमक्या या वेळी झाडांना तांबूस, लुसलुशीत पालवी फुटते. हे कोडे मला बरीच वर्षे सुटत नव्हते. पाणी नाही म्हणून पाने टाकली, मग पाणी येण्याआधीच नवी का काढली? पाण्याचा प्रश्न झाडे खोडात साठवलेल्या ओलाव्यावर आणि खोल मुळांवर भागवतात. परंतु घाई कशाची? याचे एक उत्तर मुदुमलाईच्या कोरड्या पानझडी वनात मुरली आणि सुकुमार यांनी केलेल्या व १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिळते. पाऊस सुरू झाला की पाने खाणाऱ्या किड्यांची संख्या एकदम वाढते. ज्या झाडांनी त्याआधीच पालवी काढली, त्यांची पाने किडीच्या हंगामापूर्वी जून झालेली असतात व त्यांचे नुकसान कमी होते. चैत्रपालवी आपण शोभेची समजतो. झाडाच्या दृष्टीने तो बंदोबस्त असतो.

वैशाखात बहावा पिवळा होतो आणि पावशा ओरडू लागतो. मृगाच्या आगेमागे दोन पाहुणे येतात. दक्षिण भारत आणि श्रीलंकेकडून येणारा नवरंग सकाळ-संध्याकाळ दोन सुरांची शीळ घालतो. हा पक्षी दिसतो कमी, कारण तो जमिनीवर वावरतो आणि कुजत पडलेली पाने उलटीपालटी करून त्यांखालचे किडे खातो. पुष्कळ सज्जन लोक टेकडी ‘स्वच्छ’ राहावी म्हणून वाळला पाचोळा गोळा करून पेटवून देतात, तेव्हा नवरंगाचे ताटच पेटवले जाते, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. दुसरा पाहुणा चातक. काव्यातला हा पक्षी खरोखरीच आफ्रिकेतून मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. तो घरटे बांधत नाही. आपली निळसर अंडी सातभाईंच्या निळ्या अंड्यांत सरकवून देतो. पावशाचीही रीत तीच. मेघाकडे चोच लावून बसलेला विरही चातक आणि सातभाईंच्या घरी पोर टाकून जाणारा चातक, हे दोन्ही एकच आहेत हे कळल्यावर काव्याची गोडी कमी होते असे नाही. ती थोडी खारट होते, इतकेच.

श्रावण-भाद्रपदात टेकडीचा जमिनीलगतचा मजला भरून येतो. पहिल्या सरींनंतर टाकळा आणि पांढऱ्या मुसळीची फुले, मागाहून तेरडा, एखाद्या झुडपाला धरून चढलेली कळलावी. मोरांचे ओरडणे दाट होते. आश्विनात गवत पिवळे पडते आणि कुसळे कपड्यांना चिकटू लागतात. कुसळाला आपण नुसती कटकट समजतो. पण त्याची शेपटी ओल लागली की पीळ सोडते, वाळली की पुन्हा पिळते, आणि या हालचालीने बी गिरमिटासारखे मातीत शिरते. कार्तिक-मार्गशीर्षात उत्तरेचे पाहुणे येतात. त्यांत शेपटी थरथरवणारा थिरथिरा सर्वांत लवकर ओळखता येतो. असे करीत वर्ष पुन्हा पानगळीपाशी येऊन पोचते.

उंदीरमारीचे वन

आतापर्यंतचे वर्णन वाचून टेकडी सगळीकडे अशीच आहे, अशी समजूत होईल. ती दुरुस्त केली पाहिजे. टेकडीच्या बऱ्याच मोठ्या भागावर एकाच झाडाचे दाट वन आहे, आणि फिरायला येणारे बहुतेक लोक त्यालाच ‘जंगल’ म्हणतात. हे झाड ग्लिरिसिडिया. मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिका या भागांतले. वनीकरणाच्या काळात उजाड टेकड्या लवकर हिरव्या करायच्या होत्या. हे झाड भराभर वाढते, तोडले तरी फुटते, हवेतला नत्र जमिनीत आणते आणि त्याच्या ताज्या पाल्याला गुरे सहसा तोंड लावीत नाहीत. गुरांपासून राखण करावी लागत नाही, हा त्याचा मोठाच गुण ठरला. मातीची धूप रोखण्याचे काम त्याने केले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

पण त्याची दोन नावे पाहा. त्याच्या लॅटिन नावाचा अर्थ ‘उंदीर मारणारे’ असा आहे. मायदेशी त्याचे बी व साल उंदरांच्या विषासाठी वापरीत. मराठीतही त्याला उंदीरमारी म्हणतात. नंतर कोणाला तरी हे नाव रुचले नसावे; त्याचे ‘गिरिपुष्प’ असे बारसे झाले. फाल्गुनात त्याला गुलाबी फुले येतात, तेव्हा हे नाव शोभतेही. परंतु उंदीरमारी हे नाव आपल्याला सावध करते आणि गिरिपुष्प हे नाव निश्चिंत करते. दोन्ही नावे एकाच झाडाची असली, तरी दोघांचे काम एक नव्हे.

हा फरक ज्याला कानांनी तपासायचा असेल, त्याने पावसाळ्याच्या आरंभी एक सोपा प्रयोग करावा. पहाटे पाव तास उंदीरमारीच्या दाट वनात उभे राहावे आणि मग पाव तास हिवर, खैर, बोर, पळस व गवत असलेल्या मिश्र उतारावर उभे राहावे. ऐकू आलेल्या निरनिराळ्या आवाजांची नुसती खूण करावी. नावे आली नाहीत तरी चालेल. मी हा प्रयोग अनेकदा केला आहे आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या जागी माझ्या वहीचे पान अधिक भरले आहे. कारण उघड आहे. बोर, पळस किंवा रुई यांच्याशी इथल्या किड्यांचा हजारो वर्षांचा व्यवहार आहे. रुईचा चीक विषारी. तरीही कडवा जातीच्या फुलपाखराच्या अळ्या तिचीच पाने खातात, ते विष अंगात साठवतात, आणि म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. दूरदेशीहून आलेल्या झाडाशी असा व्यवहार जमायला फार काळ लागतो. खायला किडे नाहीत तिथे किडे खाणारे पक्षी काय करणार? हिरवेपणा आणि रान या दोन गोष्टी एक नव्हेत, हा या टेकडीवरचा पहिला धडा.

मोकळी जागा

दुसरा धडा मला स्वतःच्या चुकीतून मिळाला. तो सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

२०११ सालच्या जुलै महिन्यात मी विद्यार्थ्यांची एक तुकडी घेऊन एका टेकडीच्या उतारावर वृक्षारोपणाला गेलो होतो. उत्साह दांडगा होता. उतारावर झाडे नव्हती. गुडघ्याएवढे गवत आणि अधूनमधून हिवराची खुरटी रोपे होती. मी मुलांना सांगितले, “ही सगळी मोकळी जागा आहे. इथे घ्या खड्डे.” मुलांनी गवत उपटले, हिवराची रोपे काटेरी म्हणून तोडली आणि टिकाव चालवले. खालच्या वस्तीतल्या एक मावशी गवताचा भारा बांधीत होत्या. त्या थोडा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “सर, मोकळं कुठं हाय? गवत हाय की हितं. आन् गवतात पाखरं हाईत.”

मी हसून विषय टाळला. तासाभराने एका मुलाच्या टिकावाखाली ढेकळाच्या आडोशाला वाटीएवढे घरटे निघाले. त्यात तीन अंडी होती. दोन फुटली होती. डोक्यावर तुरा असलेला एक मातकट पक्षी आमच्या भोवती ओरडत घिरट्या घालत होता. त्याचे नाव तेव्हा मला माहीत नव्हते. पुढे पुस्तके पाहून कळले की तो चंडोल होता. तोही आपल्या दख्खनचा खास. कर्नल साइक्स याने १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली, तीत शास्त्रीय जगाला त्याची पहिली ओळख झाली आणि इंग्रजीत तो साइक्सच्याच नावाने ओळखला जातो. झाडाझुडपांशी त्याचे काम नसते. त्याला लागते उघडे माळरान. आम्ही त्याचे घर मोडून तिथे झाडे लावीत होतो आणि त्याला निसर्गसेवा म्हणत होतो.

त्या वर्षी आमचे हातात रोप घेतलेले छायाचित्र छापून आले. रोपे बहुतेक पुढच्या उन्हाळ्यात वाळली. पाणी घालायला कोणी गेले नाही. मीही गेलो नाही.

त्या मावशींकडे जो शब्द होता, तो माझ्याकडे नव्हता, असे मी त्या प्रसंगाचे सार काढतो. मराठीत माळ, कुरण, गायरान, रान, राई, झाडी असे वेगवेगळे शब्द आहेत आणि प्रत्येक शब्द वेगळ्या जागेची नोंद करतो. मी त्या साऱ्यांच्या जागी एकच शब्द वापरला : मोकळी जागा. आणि एखादी जागा मोकळी ठरली की तिच्यावर काहीही करण्याचा परवाना आपोआप मिळतो.

नावांचे राजकारण

हे केवळ माझ्यापुरते असते तर लिहिण्याचे कारण नव्हते. बालभारती ते पौड फाटा असा एक रस्ता या टेकडीच्या अंगावरून काढण्याची योजना महापालिकेने पुढे आणली, तेव्हा शहरात मोठा वाद झाला. एप्रिल २०२३ मध्ये नागरिकांनी टेकडी वाचवण्यासाठी मोर्चाही काढला. वाहतुकीची अडचण खरी आहे. विधी महाविद्यालयाच्या रस्त्यावर संध्याकाळी अडकलेल्या माणसाला ती पटवून द्यावी लागत नाही. त्या वादाचा निवाडा करणे हा या लेखाचा हेतू नाही. पण त्या वेळी दोन्ही बाजूंचे बोलणे ऐकताना एक गोष्ट मला फार जाणवली. रस्त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे लांबी, रुंदी, खर्च, वाचणारी मिनिटे असे नेमके शब्द होते. टेकडीच्या बाजूने बोलणारे अनेकजण मात्र ‘हिरवाई’, ‘फुप्फुसे’, ‘निसर्ग’ या पलीकडे जात नव्हते. ज्यांनी वर्षानुवर्षे झाडे-पाखरे मोजली होती, त्यांच्याच बोलण्याला वजन येत होते. ‘तेथे झाडी आहे’ या वाक्याला ‘दुसरीकडे लावू’ हे उत्तर देता येते. ‘तेथे साठ वर्षांची सालई आहे आणि तिच्या खालच्या पाचोळ्यात मृगात नवरंग उतरतो’ या वाक्याला ते उत्तर देता येत नाही.

अभ्यास कसा करावा

शेवटी, ज्यांना या वाटेने जायचे आहे त्यांच्यासाठी थोडे व्यावहारिक. आपल्या गावाजवळची कोणतीही लहान टेकडी, राई किंवा माळ निवडावा. वाट एकच ठेवावी आणि ती तासाभरात संपेल इतकीच असावी. वाटेवरची दहा झाडे नक्की करावीत. पंधरवड्यातून एकदा, शक्यतो पहाटे, वही घेऊन जावे. वहीत चार रकाने असावेत : तिथी व तारीख, झाड, झाडाची अवस्था, म्हणजे पानगळ, पालवी, कळी, फूल, फळ, आणि चौथा, त्या झाडावर कोण आले होते. चौथा रकाना पहिले काही महिने रिकामा राहतो. त्याने खट्टू होऊ नये. तो आपल्या डोळ्यांचा रिकामेपणा असतो, झाडाचा नव्हे. पाचोळा हलवू नये, दगड उलटा केला तर पुन्हा तसाच ठेवावा. त्याखाली फुरसेही असू शकते. नाव अडले तर पुस्तकाआधी गवत कापणाऱ्या, शेळ्या राखणाऱ्या माणसाला विचारावे. आणि त्याचे उत्तर हसून टाळू नये.

मी अजूनही त्या उतारावर जातो. आमच्या खड्ड्यांच्या खुणा बुजल्या आहेत, गवत परत आले आहे, हिवरही फुटला आहे. गेल्या पावसाळ्यात तिथे चंडोलाचे गाणे ऐकू आले. तारीख आणि तिथी मी वहीत नोंदवली, आणि जागेच्या नावापुढे लिहिले : ‘माळ’.